कॅप्टनच्या समोरचे

१६ नोव्हेंबर १९९७, रविवार

आजपासून ठराव: समोरच्या दाराकडे बघायचं नाही.

समोर आशुतोष राहतो. आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, डोक्यावर अजून सगळे केस. त्याचा मेव्हणा जहाजावर असतो. त्याने दिवाळीआधी सिंगापूरहून एक इग्वाना आणून दिला. म्हणजे हातभर लांब हिरवा सरडाच, पण गळ्याखाली लोंबती झालर आणि पाठीवर करवत. नाव ठेवलंय कॅप्टन. तेव्हापासून अख्खी ऐरोली बघायला येते. आज सकाळी जिन्यात चपलांचा ढीग. काहींनी तर आमच्या पायपुसण्यावर काढल्या.

दुपारी गॅसवाला आला. वॉचमन शिवरामने त्याला माझं घर कसं सांगितलं? कॅप्टनच्या समोरचे. मी या बिल्डिंगमध्ये पहिल्या दिवसापासून आहे. शिवरामच्याही आधीपासून.

माझ्या पोटात दुखतंय असं हिचं म्हणणं. ही म्हणजे गीतांजली, माझी बायको. पोटात काही दुखत नाहीये. ॲसिडिटी आहे.

१९ नोव्हेंबर

ठराव पाळला. फक्त दाराच्या भिंगातून नजर गेली. ही आणि आमची लेक अबोली तिकडेच होत्या. अबोली बारावी सायन्सला आहे, तिला अभ्यास म्हणून चालेल. हिला कसला अभ्यास?

परत आल्यावर ही सांगत होती, कॅप्टन पालक, मेथी, जास्वंदीची फुलं खातो. शुद्ध शाकाहारी. मी हसलो. मगरीच्या नात्यातला प्राणी आणि पालक? आशुतोष चिक्कू आहे, एवढंच. सोसायटीच्या पार्टीत वेफर्स स्वतःच्या हाताने वाढतो, म्हणजे बघा. मुक्या जनावराला गवतावर ठेवलंय आणि लोक त्याचं कौतुक करतायत. अबोली काहीतरी बोलणार होती. मी पेपर उघडला.

२२ नोव्हेंबर, शनिवार, संध्या. ७

संधी आली. आशुतोष फॅमिलीसकट बहिणीच्या लग्नाला कणकवलीला चाललाय, दोन आठवडे. कॅप्टनला ठेवायचं कुठे, हा प्रश्न. वर मालतीबाईंना विचारायला निघाला होता. मी जिन्यातच अडवून हो म्हणून टाकलं. खायला काय द्यायचं ते सांगायला लागला. हाताने थांबवला. भाऊ, एकदा ऐकून तरी घ्या, म्हणाला. म्हटलं, प्राण्यांचं मला शिकवू नकोस, गावी आमच्याकडे म्हशी होत्या.

प्लॅन: दोन आठवडे कॅप्टनला खरं खाणं घालायचं. मग तो आशुतोषकडे ढुंकूनही बघणार नाही. आणि हे सगळ्यांसमोर व्हायला हवं.

२४ नोव्हेंबर

काल कॅप्टन पेटीसकट आमच्याकडे आला. खरं खाणं म्हणजे झुरळं. अबोलीच्या कॉलेजात डिसेक्शनला लागतात, ती दिघ्याचा हिरामण पुरवतो. कंपनीतून सुटल्यावर त्याच्याकडे गेलो. सायेब, तुमचा कालेज कोनचा हाय, असं त्याने विचारलं. म्हटलं, प्रायव्हेट. तो डझनावर देतो. मी परचेसमध्ये अठरा वर्षं काढलीत. डझनावर घेणं आम्हाला शोभत नाही. बल्कमध्ये मागितली. नक्की ना, असं त्याने दोनदा विचारलं. समोरच्याचा कॉन्फिडन्स बघून माणसं दबतात.

२६ नोव्हेंबर

माल आला. कापडी पिशवी नुसती हलत होती. तेलाच्या पत्र्याच्या डब्यात अंड्यांचे ट्रे उभे लावले, त्यात माल भरला आणि डबा स्वयंपाकघराच्या माळ्यावर ठेवला. हवा लागावी म्हणून झाकणाला खिळ्याने भोकं पाडली. चांगली मोठी पाडली. चिक्कूपणा आपल्या स्वभावात नाही.

त्या माळ्याखालून मी जाणार नाही, असं हिने जाहीर केलं. गॅस तिथेच आहे. जाईल.

२७ नोव्हेंबर

सक्सेस. ऑफिसला निघताना मूठभर झुरळं कॅप्टनच्या काचेच्या पेटीत सोडली होती. संध्याकाळी एकही शिल्लक नाही. पेटीवर तारेची जाळी आहे. वीण जरा मोठी आहे, पण कॅप्टन त्यातून थोडाच निसटणार. अबोली म्हणाली, बाबा, पण त्या जाळीतून झुरळं. मी विचारलं, युनिट टेस्टला मार्क किती पडले?

३० नोव्हेंबर, रविवार

सकाळपासून हॉल आवरून बसलो. नव्या कपबश्या काढायला लावल्या. चिवडा आणला. कॅप्टन आता आपल्याकडे, म्हणजे रविवारची गर्दीही आपल्याकडे. दार सताड उघडं ठेवलं.

बारापर्यंत फक्त इस्त्रीवाला आला.

ही म्हणते, सगळ्यांचा बघून झालाय. मग दोन रविवारांपूर्वी समोर काय बघत होते? तेव्हाही बघून झालाच होता. म्हणजे लोक सरड्यासाठी येत नव्हते. आशुतोषकडे येत होते.

मला वाईट वाटलं. खूपच वाटलं. दुसऱ्या कोणाला सांगण्यासारखं नाही म्हणून इथे लिहितोय. चिवडा मीच संपवला.

२ डिसेंबर

डबा हलका लागतोय. कॅप्टनची भूक जबरदस्त. हिरामणला दुप्पट ऑर्डर दिली.

ही रोज पालकाची जुडी आणते, पण जेवणात पालक दिसत नाही. विचारलं तर म्हणाली, रक्त कमी आहे, कच्चाच खाते. काळजी वाटते.

४ डिसेंबर

मालतीबाई खाली आल्या. त्यांच्या देवघरात झुरळं झालीत. तळमजल्यावर मीटरबॉक्समध्येही आहेत म्हणे. तुमच्याकडे आहेत का हो, असं विचारत होत्या. म्हटलं, मोकळं एकही नाही. खोटं बोललो नाही. सेक्रेटरी कोकणात मजा मारतोय आणि बिल्डिंगला वाली नाही, हे त्यांच्या लक्षात आणून दिलं. स्वच्छतेबद्दल एक निवेदन नोटीस बोर्डवर लावलं. खाली माझी सही, मार्कर पेनने. पुढच्या निवडणुकीला उपयोगी पडेल.

६ डिसेंबर

कॅप्टन अंगाने भरलाय. रंग पोपटी झालाय. हे झुरळांचं प्रोटीन. आशुतोष उद्या येतोय. घरोघरी जाऊन सगळ्यांना संध्याकाळी पाचचं आमंत्रण दिलं. डेमो आहे, एवढंच सांगितलं. ही म्हणाली, अहो, नका करू. यश आलं की घरचेच आधी घाबरतात.

७ डिसेंबर, रविवार

सगळे जमले. एका बाजूला आशुतोष, एका बाजूला मी, मध्ये जमिनीवर कॅप्टन. मी डब्यातलं सगळ्यात मोठं झुरळ चिमट्यात धरून त्याच्या तोंडापुढे सोडलं. ते त्याच्या नाकावर चढलं, डोक्यावरून पाठीवर गेलं, शेपटीवरून उतरलं आणि सोफ्याखाली शिरलं. कॅप्टनने डोळे मिटून घेतले.

आशुतोष हळूच म्हणाला, भाऊ, याने जन्मात किडा खाल्लेला नाही हो. मी म्हटलं, मग दोन आठवडे हा काय खात होता? तेवढ्यात ही स्वयंपाकघरातून पालक घेऊन आली. कॅप्टन सरसर तिच्याकडे गेला आणि तिच्या पावलावर चढून बसला. आशुतोषकडे ढुंकूनही बघितलं नाही. प्लॅनचा तेवढा भाग शंभर टक्के यशस्वी.

मग मालतीबाईंनी विचारलं, अहो नंदकुमार, मग तुम्ही आणलेली झुरळं गेली कुठे? सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पंखा वाढवला.

८ डिसेंबर

आमच्या दारात ही गर्दी. कोणाच्या हातात केरसुणी, कोणाच्या हातात चप्पल. तळमजल्यापासून गच्चीखालच्यांपर्यंत झाडून सगळे. पायपुसण्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. सगळे एकदम बोलत होते. आशुतोषने त्यांना शांत केलं, उद्याच पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावतो म्हणाला आणि सगळ्यांना आपल्याकडे चहाला घेऊन गेला. ही पण गेली, कॅप्टनला भेटायला. अबोली पण. मलाही बोलावलं, पण एकदाच. म्हणून गेलो नाही.

समोरून हसण्याचे आवाज येतायत. त्यातला हिचा मला ओळखू येतो. इथे ती अशी कधी हसली होती, ते आठवत बसलोय.

आत्ता एक झुरळ या पानावर आलं. मारलं नाही.

१४ डिसेंबर, रविवार

भाजी घेऊन येत होतो. गेटवर कोणी पाहुणे शिवरामला आशुतोषचं घर विचारत होते. शिवराम म्हणाला, दुसरा मजला, झुरळवाल्यांच्या समोर.

शेवटी त्याचा पत्ता माझ्यावरून.