शेवट मला पटला न्हाई

२ मे
पेपर संपले. कॉलेजात सगळ्यांना एकच कादंबरी वाटली. बीए, बीकॉम, आम्ही बीएस्सीवाले, प्राचार्यसुद्धा. उन्हाळ्यात सगळ्यांनी हीच वाचायची, जूनमध्ये लेखिका येणार, हॉलमध्ये चर्चा. मराठीच्या मॅडम म्हणाल्या, "सायन्सकडून कोण बोलेल?" सगळे चपलांकडं बघून राह्यले. मी हात वर केला. फिजिक्स वाचते, कादंबरी काय चीज आहे.

५ मे
ताई आली भोकरदनहून, सासरून. एकटीच. आई शेजारणीला म्हणाली, "उन्हाळ्याची आली." ताईचं तोंड बघून मी काही विचारलं न्हाई.

९ मे
संपवली. भारी आहे. बाई मास्तरीण, नवऱ्याचं न ऐकता दूरच्या गावी नोकरी करते, शाळा उभी करते. आणि शेवटी एकदम राजीनामा देऊन सासरी. कारण? काही न्हाई. प्रॅक्टिकलला असं रीडिंग आलं तर सर परत करायला लावतात.

११ मे
कुरडया घातल्या. गच्चीवर राखण ताईकडं. तिनं माझी कादंबरी उघडली आणि कावळ्यांनी अर्धी बाज उष्टी केली, हिला पत्ता न्हाई. आई ओरडली. मला बरं वाटलं. ताई कॉलेजात असताना अशीच वाचायची.

१६ मे
ताईशी भांडण.
"बराबर केलं तिनं," ताई म्हणे. "एकटी कुठवर राहणार?"
"नोकरी होती ना."
"नोकरी होती. जेवताना समोर कोण होतं?"
"आणि सासरी कोण असतं?"
तिनं पुस्तक मिटलं. मंग म्हणाली, "वर्षे, तू पुस्तकाचं बोलून राह्यली का माझं?"
"तू कशाचं बोलून राह्यली?"
उठून गेली.
ताईच्या लग्नाच्या बैठकीत ठरल्तं, बीएचं शेवटचं वर्ष सासरी गेल्यावर करायचं. तिथं दरवेळी "पुढच्या वर्षी बघू". घरात हा विषय कोणी काढत न्हाई. आज निदान अर्धा निघाला.

२३ मे
दाजी आल्ते न्यायला. वाईट माणूस न्हाई, आईसाठी आंबे घेऊन आल्ते. ताई कादंबरी हातात घेऊनच बाहेर आली. "वाचून झाली की येते."
दाजी हसले. "किती राह्यली?"
"अर्धी."
साफ खोटं. दोनदा वाचून झाल्ती.
दाजी गेले. बाबा चिडले. "पुस्तकापायी नवऱ्याला वापस लावलं?"
"तुम्ही पण वाचा बाबा. मंग बोलू."
बाबांनी पुस्तक घेतलं न्हाई.

३० मे
बाबा कादंबरीच्या सत्तराव्या पानावर. आईनं पाह्यलं. आम्ही पाह्यलं न्हाई असं दाखवून राह्यलो.

४ जून
मॅडमना फोन केला, शेवट चुकला असं बोलणार म्हणून.
"अगं, पाहुण्या आहेत त्या. तोंडावर?"
"कारणासहित बोलीन."
"आवाज नरम ठेव मंग."
ठेवीन. मत तेच.

१८ जून
चर्चा झाली. हॉल गच्च. ताईला पण सोबत नेल्तं. बीकॉमच्या दोघांनी नुसती स्तुती केली. मी सरळ सांगितलं, शेवट पटला न्हाई. प्राचार्यांनी मॅडमकडं बघितलं. लेखिका मात्र पुढं सरकल्या. "तुम्ही काय केलं असतं?"
म्हटलं, "राजीनामा देऊ दिला नसता. नवऱ्याला एकदा तिच्या शाळेत आणलं असतं. मंग दोघांनी ठरवावं."
त्या म्हणाल्या, "मी तिथंच अडले होते. घाई केली."
टाळ्या! मागं वळून पाह्यलं, ताई जागेवर न्हाई. चर्चा संपल्यावर सापडली ऑफिसच्या खिडकीपाशी. बीएच्या शेवटच्या वर्षाचा प्रवेश आता मिळतो का विचारून राह्यली. मिळतो म्हणे.
बसमध्ये मी म्हटलं, "दाजींना कधी सांगणार?"
"फोन केला आत्ताच."
"काय म्हणाले?"
"उद्या येतो म्हणाले."
मी लगेच उद्याचं सांगायला लागले, असं बोल, तसं बोल. तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "तू हॉलमध्ये बोललीस. उद्या मधी पडायचं न्हाई. मी बोलणार."
बरं.