‘थांबू जरा’ म्हणाले ती मी

मी, व्हर्ना लुंडीन, वय वर्षे ७६, शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त, राहणार एल्क फोर्ड, मिनेसोटा, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, माझ्याच टेबलापाशी बसून लिहीत आहे. माझे डोके ठणठणीत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. यकृताबद्दल तसे त्यांना म्हणता आले नाही. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. याआधी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. ते रागात केले होते.

कलम १. राहते घर, मागच्या अंगणासह, माझी भाची मरिट हिला. ती नर्स आहे. दर गुरुवारी ती माझ्या स्वयंपाकघरात बसून शेजाऱ्यांचा रक्तदाब मोजते, फुकट. येणारा प्रत्येकजण सांगतो की तो सहज आलाय. सहज आलेल्यांपैकी दोघांना तिने त्याच दिवशी दवाखान्यात धाडले. हे गुरुवार चालू राहावेत, ही विनंती आहे, अट नव्हे.

कलम २. बँकेतली शिल्लक, दवाखान्याची देणी भागवून जी उरेल ती, मरिटलाच. तिसऱ्यांदा शिरेतून कर्करोगाची औषधे घ्यायला मी नकार दिला, तो खर्चापायी नाही. हे लिहून ठेवते, कारण गावात तसेच बोलतील. या वयात सरकारी विमा बराचसा भार उचलतो. मला आता उलट्या नकोत, वाटीभर गरम सूप हवे, आणि जमेल तितके दिवस पोस्टापर्यंत पायी जायचे आहे.

माझे मत कोणी विचारलेले नाही, तरी सांगते. आमचे डॉक्टर चांगले आहेत, नर्स त्याहून चांगल्या. पण इथे आम्ही दुखण्याच्या आधी टपालाने येणाऱ्या बिलाला घाबरतो, आणि ती सवय हाडात मुरते. मी स्वतः चार वर्षे रक्तदाबाच्या गोळ्या सुरीने अर्ध्या करून घेतल्या. शाळेत मात्र पोरांना दटावत होते, ताटात काही टाकायचं नाही.

कलम ३. माझा दिवंगत नवरा अर्विड याची मासेमारीची होडी, ट्रेलरसकट, त्याचा धाकटा भाऊ हार्लन लुंडीन याला. ती होडी त्याने एकदा मागितली होती. जाळून टाकीन पण तुला देणार नाही, असे मी त्याला लोकांदेखत सुनावले होते. ते का, हे आता लिहिते.

२००४ च्या मे महिन्यातला रविवार होता. चर्चहून आल्यावर अर्विड गवत कापायच्या यंत्राचे पाते बदलत होता. दुपारी तो आत आला तेव्हा त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता आणि हात छातीवर होता. तेवढ्यात हार्लनचा फोन आला. मी त्याला सांगितले. तो म्हणाला, "फोन ठेव आणि अ‍ॅम्ब्युलन्स बोलाव. पैशाचं मी बघतो."

दोन वर्षांपूर्वी मुतखड्याच्या वेळी अ‍ॅम्ब्युलन्सचे जे बिल आले होते, ते आम्ही अजून फेडत होतो. मी अर्विडला म्हणाले, "थांबू जरा. पित्त असेल." तो खुर्चीत बसून राहिला. चाळीस मिनिटे आम्ही थांबलो. मग मीच त्याला आमच्या पिकअप ट्रकमध्ये घालून चव्वेचाळीस मैलांवरच्या हॉस्पिटलात नेले. हार्लन आमच्याआधी पोचला होता. संध्याकाळी अर्विड गेला.

दफनानंतर चर्चच्या तळघरात जेवण होते. कोणीतरी विचारले, अ‍ॅम्ब्युलन्स का नाही बोलावली. माझ्या तोंडून निघून गेले, "हार्लन म्हणाला, थांबा."

हार्लन कॉफीचा कप घेऊन समोरच उभा होता. त्याने कप खाली ठेवला आणि निघून गेला. त्यानंतर लोक त्याच्या गॅरेजऐवजी शेजारच्या गावात गाड्या नेऊ लागले. चर्चमध्ये तो शेवटच्या बाकावर बसू लागला. मी एकोणीस वर्षे ते पाहिले. हळूहळू मला स्वतःलाही वाटू लागले होते की तोच तसे म्हणाला.

गेल्या मंगळवारी मी त्याला बोलावून हे कलम इथवर वाचून दाखवले. तो टोपी गुडघ्यावर ठेवून ऐकत होता. मी विचारले, "तू त्या दिवशीच का नाही बोललास?"

तो म्हणाला, "अर्विडनं हॉस्पिटलात वचन घेतलं होतं. म्हणाला, व्हर्नाला काही बोलू नकोस. तिला आता त्या घरात एकटीला राहावं लागणार आहे."



कलम ४. माझ्या दफनानंतर, त्याच तळघरात, कॉफी वाढण्याआधी, मरिटने कलम ३ सर्वांसमोर मोठ्याने वाचावे. हार्लनचे म्हणणे आहे की याची काही गरज नाही, आता कोणाच्या लक्षात आहे. त्याचा आक्षेप नोंदवला आहे आणि फेटाळला आहे.

वरील मजकूर मी वाचला, तो माझाच आहे, म्हणून सही करते.

व्हर्ना लुंडीन
एल्क फोर्ड, मिनेसोटा
१९ ऑक्टोबर २०२३

साक्षीदार:
१. ऑर्सन टिल्बरी, औषधविक्रेते
२. कॉर्डेलिया वॅस्क, शेजारीण

टीप: हार्लनची सही यावर नाही. ज्याला काही मिळते त्याने साक्ष करू नये, असे वकीलबाईंनी बजावले आहे. देण्यासारखी साक्ष गावात त्याच्या एकट्याकडे होती, आणि ती त्याने कधी दिली नाही.