दादाच्या पियानोच्या ढिल्या पिना

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, धंदा पियानोदुरुस्ती, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली नसताना हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. आयुष्यभर होतं ते दडपण वेगळं.

१. हे दुकान, मागची राहती खोली, बँकेतली शिल्लक आणि सर्व हत्यारे माझ्या एकुलत्या एक मुलीला मिळावीत. मात्र वरच्या मजल्यावरच्या माझ्या थोरल्या भावाच्या पियानोला तिने पुन्हा हात लावू नये. तिची त्यातून सुटका व्हावी, एवढ्यासाठीच हा कागद.

२. त्या पियानोत तारा ज्या पिनांना गुंडाळल्या आहेत, त्यांची लाकडातली भोकं सैल झाली आहेत; पिना फिरतात आणि सूर उतरतो. तारा उतरवून जाड पिना ठोकल्या असत्या तर महिन्याभरात काम फत्ते होतं. पण दादाची पियानोची शिकवणी महिनाभर बंद कोण ठेवणार? "तात्पुरतं कर रे," म्हणाला. भीड भिकेची बहीण. मी भोकात पॉलिश पेपरची पट्टी घातली. आठवड्यात शेजारची पिन सुटली. तात्पुरत्याला आता छत्तीस वर्षं झाली. दर रविवारी वर जायचं, चार पिना आवळायच्या, वहिनींच्या हातचा गार चहा प्यायचा. कुठे चार दिवस जाणं झालं नाही.

३. जाड पिनांचा न फोडलेला डबा दादाला द्यावा. बघत बसू दे.

४. तीन वर्षांपूर्वी मुलीला परगावच्या पियानो कारखान्यातून नोकरीचं बोलावणं आलं. ती गेली असती तर मी मरेपर्यंत वरच्या मजल्याला बांधलेलाच राहिलो असतो. म्हणून तिला सांगितलं, माझा हात थरथरतो. पोरीने भरलेली बॅग रिकामी केली. तेव्हापासून रविवारी ती वर जाते. बाळा, माझा हात कधीच थरथरला नाही. हे अक्षर बघ. दादाने मला अडकवलं, मी तुला. मला लाज वाटते.

स्थळ: दुकानाची मागची खोली
रविवार, ता. ९ मार्च
सही: पियानोवाला
साक्षीदार: १. वकील (सही) २. शेजारचे शिंपी (सही)

ता.क. सही करताना वकीलसाहेब म्हणाले, "अहो, मरायची वाट कशाला बघता? ती वरच आहे ना, आत्ता सांगा." बरोबर आहे त्यांचं. वर ती पिना आवळते आहे, इथे ऐकू येतंय. धीर होत नाही. पाकीट लाखेने बंद करून वकीलसाहेबांनी न्यावं आणि मी गेल्यावरच उघडावं.