मिठाची चव

अम्मा, आज दुपारी मेमसाहेबांचा तो भाजलेल्या खिम्याचा मीटलोफ केला. सावेडीच्या घरात त्याला फारशी खटपट पडत नाही. ओव्हन आहे, निखाऱ्यावर भाजल्यासारख्या चवीचा सॉस बाटलीत मिळतो. नातवंडं आवडीने खातात. मला मात्र पहिला घास घेताना अजून थांबावं लागतं.

तू तो एकदाच केलास. कॅम्पातल्या बंगल्यामागच्या आपल्या खोलीत, रमजानात. अब्बांचे साहेब कायमचे विलायतेला निघाले होते आणि त्यांच्या जागी येणारे नवे साहेब त्या संध्याकाळी बंगल्यावर जेवायला यायचे होते. त्यांना जेवण पसंत पडलं तर अब्बांचं खानसाम्याचं काम राहणार, आपली खोली राहणार. आणि अब्बा हिवतापाने बाजेवर पडलेले. जुन्या साहेबांच्या मेमसाहेब मूळच्या अमेरिकेच्या. त्यांना तोच पदार्थ हवा होता. अब्बा पडल्या पडल्या सांगत होते, "पाव भिजवून घट्ट पिळ. वरून टमाटा, गूळ अन् सिरका आटवून लाव." तू खिमा मळत म्हणालीस, "मटणाची वीट पाडायची अन् सुरीनं कापून खायची. यांच्या दातांला काय झालंय?" अब्बा तापातही हसले.

पत्र्याच्या पेटीला तू वर-खाली निखारे लावलेस. शेवटी वाटीत कोळसा ठेवून त्यावर तूप सोडलंस आणि झाकण घातलंस, तेव्हा ओढणी नाकातोंडावर गच्च बांधलीस. धूर घशात गेला तर रोजा जाईल म्हणून. इतकी तू जपून होतीस. पण ते नंतरचं. त्याआधी अब्बा म्हणाले, "मीठ बघ. नुसत्या अंदाजावर पाठवू नकोस. माझं तोंड तर कडूजहर हाय." तू खिम्याची एक टिकली तव्यावर परतून मला दिलीस. मी म्हटलं, "चांगलं लागतंय." तू म्हणालीस, "तुला काय, सगळंच चांगलं लागतंय." मग क्षणभर अब्बांकडे बघितलंस, उरलेला कण जिभेवर ठेवलास, लगेच राखेत थुंकलीस आणि चूळ भरलीस. खिम्यात चिमूटभर मीठ वाढवलंस.

नव्या साहेबांनी दुसऱ्यांदा मागून घेतलं, असं बटलर सांगून गेला. पंधरवड्याने ते राहायला आले ते स्वतःचा खानसामा घेऊन. आपण नगरात एका खोलीत आलो. तिथे शेजारच्या खालाला तू चाखल्याचं सांगितलंस. ती म्हणाली, "जाणूनबुजून चाखलंस? मग गेला की रोजा. आता लागोपाठ दोन महिने धरायचे, मधे खंड न्हाई." तू धरलेस. तुझा खोकला ऐकून अब्बा म्हणायचे, "थंडी जाऊ दे, मग बघू." तू म्हणायचीस, "तवर जगले-वाचले न्हाई तर?" मधे तापाने चार रोजे सुटले, तर तू पुन्हा पहिल्यापासून सुरू केलेस. ते पुरे झाले नाहीत, त्याआधीच तू गेलीस. तुझ्या कपाळावर पट्टी ठेवणारे अब्बा मला दिसतात. पाणी प्यायला ते तुला हात जोडत आहेत, आणि तू मान फिरवते आहेस.

खूप वर्षांनी, अब्बा अगदी थकले होते तेव्हा, घरी आलेल्या एका मौलानांना मी दारात निरोप देताना तुझ्या त्या रोजाचं विचारलं. ते म्हणाले, "नुसती चव घेऊन थुंकली ना? घशाखाली काही गेलं नाही? मग रोजा तुटलाच नव्हता, बेटी. नाइलाजाने चाखायला मुभा आहे."

आतून अब्बांनी विचारलं, "काय म्हणत होते गं?" दर रमजानात ते मला विचारायचे, "तिचं राहिलेलं अल्लानं कबूल केलं असेल ना? मीच तिला चाखायला लावलं." मी म्हटलं, "काही नाही, अब्बा. चहाला थांबा म्हणत होते मी त्यांना." त्यानंतरही ते विचारायचे आणि मी म्हणायची, "केलं असेल."

त्यांना सांगवलं नाही ते आज तुला लिहिलं. आणि आता कागदाची घडी घालताना वाटतं, तुलाही कळायला नको.