डोकी मोजण्याचं काम

सोमवार
पोचले. घर झकास आहे, कबूल करते. कड्याच्या टोकावर तीन खोल्या, लांबलचक गॅलरी, खाली समुद्र. निवृत्त मावशीला हवापालटासाठी बोलावून आल्या आल्या कामाला जुंपणारी माझी भाची मात्र जगात एकटीच असेल. ती आणि तिचे पाच मित्र फळ्या घेऊन लाटांवर चढतात. सव्वीस वर्षांची घोडी, त्यापायी चांगली नोकरी सोडलीन.
माझं काम असं: गॅलरीत दुर्बीण घेऊन बसायचं, डोकी मोजायची. कुणीही पाण्यात असेपर्यंत लाल निशाण वर. सगळे वाळूवर आले की खाली. मगच बचावाची बोट बंदरात परतते. चौतीस वर्षं शाळेच्या सहलींत पोरी मोजल्यास, हे काम तुझंच, असं भाची म्हणाली. मस्का लावण्यात आईवर गेलीय.

बुधवार
सहा गेले, सहा आले. मधे एकदा सात मोजले. भाचीला सांगितलं, तर मावशीने डॉल्फिनलाही हजेरीत धरलं म्हणून सगळे खिदळले. बोटवाला हसला नाही. चहा अर्धा टाकून उठला.

शुक्रवार
तीनदा सात. डॉल्फिन फळीवर बसत नाहीत. सातवं डोकं सगळ्यांच्या मागे, काठाकडे पाठ करून. लाट आली की बाकीचे हलतात. ते नाही.
पोरांना पुन्हा सांगितलं. एकाने मला डोळ्यांच्या डॉक्टरचा पत्ता दिला. नर्मविनोदी कार्टं.

शनिवार
उद्या वादळ. गावातल्या शहाण्यांनी दारंखिडक्या लावून घेतल्या, आमच्याकडे लग्नघर. चारमजली लाटा येणार म्हणून फळ्यांना मेण चोळणं चाललंय. भाचीला म्हटलं, जाऊ नकोस, ताईला मी काय तोंड दाखवू? ती म्हणाली, मावशी, तू आजवर एक तरी पोरगी हरवलीस का?
नाही हरवली. एकही नाही. या स्तुतीनेच मी गारद झाले.

रविवार, सकाळी
गेले. सहा. याला लाटा म्हणत नाहीत, इमारती चालत येतायत. पाच दिसतात. सात. पुन्हा पाच.

रविवार, एक वाजता
आले! वाळूवर एकेक करत. तुषारांत चेहरे दिसत नव्हते, काळे पोशाख सगळ्यांचे सारखेच. पण सहा. दोनदा मोजले. निशाण खाली ओढलं, बोट परतली. ताईला फोन केला, पोर सुखरूप आहे म्हणून.

दीड
पाच वर आले. भाची मागून येतेय म्हणाले, त्यांच्याबरोबरच बाहेर आली.
दुर्बीण लावली. ती पाण्यात आहे. फार आत. हात हलवतेय —

पावणेदोन
निशाण वर चढवलं. बोट निघेना, बंदराचं तोंड लाटांनी बुजवलंय. बोटवाला वर आला, खाली मान घालून म्हणाला, बाई, मागच्या वादळातही आकडा बरोबर आला होता, माणूस मात्र आतच राहिला. आधी का नाही बोललात, मी ओरडले. बोललो होतो तुमच्या पोरांना, म्हणाला, तेव्हा त्यांना जास्तच चेव आला.
आकडा बरोबर! चौतीस वर्षं मी चेहरे बघून मोजलं, आणि आज —

दोन
फळी रिकामी.

सव्वादोन
ती जिना चढून आली. म्हणजे, जे आलं ते. भाचीचा चेहरा, भाचीचं हसू. केसांतून पाणी गळतंय, पुसलं तरी थांबत नाही. पोरांनी मिठ्या मारल्या. मी ओरडले, ही ती नाही. मावशींना धक्का बसलाय, म्हणाले, पाणी द्या त्यांना. उद्या लाटा आणखी मोठ्या. सगळे जाणार. सहाही.

अडीच
ताईचा फोन. त्या — तिने घेतला. आई म्हणून हाक मारली. अगदी तसाच आवाज. माझी सख्खी बहीण, जिने जन्म दिला, तिलाही —

आता फोन माझ्या हातात. ताई रडतेय, हसतेय. तू होतीस म्हणून माझी पोर परत आली, म्हणतेय. मी सांगणार आहे. आत्ता. ती समोर उभी राहून बघतेय, तरी सांगणार. ताई, ऐक, तुझी —