पाचपैकी तीन

२ मार्च
ठरलं. एप्रिलची पगारवाढ झाली की अप्पांची रिक्षा बंद. कंबर गेली आहे त्यांची. उतरल्यावर हँडल धरून दोन मिनिटं तसेच उभे राहतात. त्यांना सांगूनही टाकलं. म्हणाले, "व्हय व्हय, आधी होऊ दे की." घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. माझा शब्द पोकळ नाही.

९ मार्च
जुळे सोलापुरातल्या या ऑफिसात आम्ही गाड्यांचं सॉफ्टवेअर लिहितो. बेल्ट लावला नाही की गाडीत टुणटुण वाजतं, ते माझं. आज शबानाने राजीनामा दिला. वेबसाइटवाल्यांकडे चालली, दुप्पट पगारावर. म्हणाली, "मही, गाडीवाल्यांचा सगळा पैसा गाडीत. आपल्यापर्यंत येतोय कुटं?" मी म्हटलं, माझ्या कोडमुळे जीव वाचतात. ती हसली. हसू दे.

१३ मार्च
अप्रेझलचा फॉर्म आला. स्वतःच स्वतःला पाचपैकी मार्क द्यायचे. सगळ्यांनी डोळे झाकून पाच दिले. सिद्धूने वक्तशीरपणालाही पाच दिले. तो अकराला येतो. मी सगळीकडे प्रामाणिकपणे तीन दिले. 'सुधारणेला वाव आहे' असंही लिहिलं. पुण्याच्या सरांनी असा फॉर्म कधी पाहिलाच नसेल.

२० मार्च
सर कॉलवर म्हणाले, तुमचा फॉर्म वाचला, इंटरेस्टिंग आहे. झालं काम. अप्पांना सांगितलं, रिक्षाला गिऱ्हाईक बघायला लागा.

७ एप्रिल
सरांचा कॉल. चार मिनिटं. म्हणाले, तुम्हीच तीन दिलेत, मी जास्त कसे देऊ? तीनला वाढ बसत नाही. पण प्रामाणिकपणाचं कौतुक केलं, आणि सिद्धूचं काम तपासायची जबाबदारी दिली. ही वाढच आहे. फक्त पैशात नाही.

८ एप्रिल
घरी सांगायचं राहिलं. अप्पा जेवत होते.

९ एप्रिल
अप्पा आंघोळीला गेले होते.

१५ एप्रिल
सांगितलं. अप्पा म्हणाले, "प्याशिंजरनं इचारलं तर मी म्हणंन का गं, माजी रिक्षा पाचात तीन चालतीया?" आणि आईकडे, आमच्या अव्वाकडे, कंबरेचं मलम मागितलं.

२१ एप्रिल
अप्पा आज रिक्षाचं पासिंग करून आले. एका वर्षाचंच. म्हणजे माझ्या पुढच्या एप्रिलवर त्यांचा विश्वास आहे.

अव्वा म्हणाली, जुन्या रिक्षाला आरटीओत तेवढंच देतात.