तीन जबाब आणि एक आडवी रेघ

अण्णा,

तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली. आज शिकागोजवळच्या माझ्या घरात कपाट आवरताना कोर्टाची एक जुनी फाइल हाताला लागली आणि तुमची आठवण झाली, असं लिहिलं तर तुम्ही म्हणाल, म्हणजे एरवी होत नव्हती. होत होती, पण घरातल्या अण्णांची. आज आठवलात ते जिल्हा कोर्टातले भाषांतरकार, ज्यांच्यासमोर कागद ठेवताना वकीलसुद्धा एकदा पुन्हा वाचून घ्यायचे.

तो रविवार अजून डोळ्यांसमोर आहे. तुमचा उजवा हात मुरगळलाय, म्हणून एका जबाबाची स्वच्छ प्रत करायला तुम्ही मला स्वयंपाकघरात पाटावर बसवलंय. आई पोह्यांना फोडणी देतेय, मला ठसका लागतोय, आणि जबाबातली बाई म्हणतेय, मी दारातच होते, मी दारातच होते. मी दहावीतली, वर्गात पहिली येणारी. मी ते एकदाच लिहिलं. तुम्ही वाचलंत, कागद खाली ठेवलात आणि आवाज न चढवता म्हणालात, "ती बाई दोनदा बोलली. दुसऱ्यांदा बोलली ते तू खाल्लंस." मग माझ्या कंपासपेटीतलं खोडरबर उचललंत आणि शेगडीत टाकलंत. चुकलं तर एक आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी खरं काय ते लिहायचं आणि सही करायची, हे तेव्हा शिकवलंत. खोडरबर नवं होतं, म्हणून मी दिवसभर रुसून बसले होते.

दोन वर्षांपूर्वी इथल्या सरकारी वकिलांच्या ऑफिसातून मला एक काम आलं, त्याचीच ही फाइल. आपल्याकडे बांधकाम चालू असताना एक इमारत कोसळली होती, मजूर गेले होते, आणि तिथला इंजिनीअर खटला उभा राहायच्या आत इकडे मुलीकडे निघून आला होता. भारत सरकारने त्याला परत मागितलं होतं. पण अशा वेळी नुसतं मागून चालत नाही. इथला न्यायाधीश कागद बघतो, आणि खटला चालवण्याइतका पुरावा दिसला तरच माणूस ताब्यात देता येतो. फितीत बांधलेले, लाखेची मोहर लावलेले ते कागद मला मराठीतून इंग्रजीत करायचे होते. मोहर बघून मला तुमच्या टेबलाचा वास आला, खरंच आला.

त्यात तिघांचे जबाब होते: वॉचमन, गवंडी आणि ढिगाऱ्याखाली नवरा गेलेली एक मजूर बाई. तिन्ही जबाब शब्दाला शब्द सारखे. साहेब स्वतः उभे होते, आम्ही खांबाचा तडा दाखवला, ते म्हणाले काम थांबवू नका. बाईच्या जबाबात तर तिचा धंदाही गवंडी असाच राहून गेला होता. तुम्ही एका नजरेत ओळखलं असतंत की पोलीस ठाण्यातल्या रायटरने एक जबाब लिहिलाय आणि बाकीचे दोन त्यावरून उतरवलेत. आपल्याकडे हे इतकं नेहमीचं की मला त्यात वावगं काही वाटलंच नाही. वाटली ती लाज. अमेरिकन न्यायाधीशासमोर आपले पोलीस अडाणी दिसू नयेत म्हणून मी तिघांना तीन तऱ्हांचं इंग्रजी दिलं. एकाचे साहेब उभे होते, दुसऱ्याचे हजर होते, तिसरीचे समोरच होते. बाईचा धंदा गवंडीऐवजी मजूर असा करून टाकला. काम संपल्यावर मी स्वतःवर खूश होते.

सुनावणीच्या दिवशी, भाषांतर माझं आहे हे सांगायला मी कोर्टात होते. सरकारी वकील उठले आणि म्हणाले की तीन वेगळी माणसं आपापल्या शब्दांत एकच गोष्ट सांगताहेत. अण्णा, ते शब्द माझे होते. दुपारच्या सुट्टीत त्या इंजिनीअरची मुलगी कॉरिडॉरमध्ये माझ्याजवळ आली. पुण्याची, सॉफ्टवेअरमध्ये काम करणारी, डोळे सुजलेले.

"मावशी, तुम्ही मराठी ना? ट्रान्स्लेशन तुम्हीच केलंय ना? सगळं करेक्ट आहे ना?"

मी म्हटलं, "हो."

दुसऱ्या दिवशी मी दोन्ही बाजूंच्या वकिलांना पत्र लिहून पाठवलं. मूळ मराठीत तिन्ही जबाब सारखेच आहेत, वेगळेपणा माझा आहे, असं स्पष्ट लिहिलं. पण ते पोचेपर्यंत निर्णय होऊन गेला होता. इंजिनीअरच्या वकिलांनी ते पत्र वरच्या कोर्टात दाखवून पाहिलं. साक्षीदार खरे की पढवलेले हे तिकडच्या कोर्टाने बघायचं, असं उत्तर मिळालं. इंजिनीअर परत गेला, खटला अजून चालू आहे. तो निर्दोष असेल असं मला वाटत नाही, आणि त्या बाईला न्याय मिळावा असं मनापासून वाटतं. तरी तिच्या तोंडी मी माझे शब्द घातले ते घातलेच.

गेल्या महिन्यात डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानात वाणसामान घ्यायला गेले होते, तिथे ती मुलगी दिसली. मी पोह्यांच्या पाकिटांकडे तोंड वळवलं, पण तिनेच येऊन हात धरला. "मावशी, थँक यू. लेटर लेट पोचलं, पोस्टाचा काय भरवसा. पण तुम्ही स्वतःची मिस्टेक ॲडमिट केलीत. कोण करतं असं?" मी हो-हो म्हणत बिलाच्या रांगेत जाऊन उभी राहिले.

पोस्टाचा काही दोष नव्हता, अण्णा. पत्र दुसऱ्या दिवशी लिहिलं एवढंच खरं. नंतर अकरा दिवस ते माझ्या ड्रॉवरमध्ये होतं. त्या बाईसाठी थांबलेय, अशी मी स्वतःची समजूत घालत होते. खरं तर चूक उघड झाली की पुन्हा काम मिळणार नाही, ही भीती होती. निर्णय लागल्याचं कळलं त्या दुपारी मी ते पोस्टाच्या पेटीत टाकलं, कारण आता त्याने कुणाचं काही बिघडणार नव्हतं.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, म्हणून त्याच फाइलमध्ये ठेवतेय. वर जिथे 'लिहून पाठवलं' असं आहे, तिथे 'पाठवलं' या शब्दावर मी एक आडवी रेघ मारली आहे. खालचं वाचता येतं. शेजारी 'ठेवलं, पाठवलं अकरा दिवसांनी' असं लिहून सही केली आहे.